कर्जमाफी : एक खोटा शब्द

दर पाचदहा वर्षांनी महाराष्ट्रात एक वाद पेटतो आणि विझतो. शेतकऱ्याचे कर्ज माफ करावे की करू नये, हा तो वाद. एका बाजूला निवडणुकीच्या मांडवात उभे राहून आश्वासनांची खैरात करणारे पुढारी असतात. दुसऱ्या बाजूला 'पतशिस्त बिघडते हो!' असा टाहो फोडणारे पंडित असतात. या भांडणातली गंमत अशी की एक गोष्ट दोघांनाही मान्य असते. कर्जदाराने काहीतरी अपराध केलेला आहे, हे दोघेही गृहीत धरून चालतात. एक म्हणतो, अपराध पोटात घाला. दुसरा म्हणतो, घालू नका. मुळात अपराध घडला कोणाच्या हातून, हे विचारावयाचे दोघांनाही सुचत नाही. मला या लेखात तेवढेच विचारावयाचे आहे.

अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. मी कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. शब्दांशी माझा रोजचा व्यवहार, म्हणून शब्दापासूनच आरंभ करतो. 'माफी' हा शब्द गुन्हेगारासाठी आहे. चोराला माफी मिळते, खोडकर पोराला मिळते. ज्याने दिलेला पैसा शेतात घातला, पाऊस आला नाही किंवा नको तेव्हा आला, पीक आले तर भाव आला नाही, आणि म्हणून ज्याला फेड जमली नाही, त्याला कसली माफी? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे वर्षानुवर्षे घसा कोरडा करून सांगितले. 'कर्जमुक्ती' म्हणा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे सारेच अर्थकारण मला पटते असे नाही. खुल्या बाजारावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझा बसत नाही. परंतु या एका शब्दापुरता मी त्यांचा चेला आहे. सरकारनेही २०१९ साली आपल्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हा शब्द घातला. पण मंत्र्यांच्या तोंडी, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि चहाच्या टपरीवर 'माफी'च राहिली. देणाऱ्याला दाता म्हणवून घेण्याची हौस असते, ती 'मुक्ती'ने भागत नाही.

आता थोडा इतिहास पाहू. पुणे जिल्ह्यातील तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुपे नावाचे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेथील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. ही बंडाळी पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. या लोकांना सावकाराचे रक्त नको होते. त्यांना त्याची दप्तरे हवी होती. खते आणि रोखे बाहेर काढून त्यांची होळी करावयाची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे पुढे फारसे काही घडलेही नाही.

हे लोक बेशिस्त होते म्हणून कर्जबाजारी झाले काय? अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी पत आली. सावकार आपण होऊन पैसे देऊ लागला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने जमिनींची फेरआकारणी करून सारा वाढविला. युद्ध अटलांटिकपलीकडचे, गिरणी लँकेशायरची, सारा मुंबई सरकारचा, आणि ऋणको मात्र सुप्याचा कुणबी! त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा असा की तीन वर्षांनंतर दावा बुडे. म्हणून सावकार मुदत सरण्यापूर्वी व्याज मुदलात घालून नवे खत करून घेई. आपल्या विकास सोसायट्यांत थकलेले कर्ज नव्या कर्जाने झाकण्याला 'नवे-जुने करणे' म्हणतात. नाव घरगुती आहे, पण रीत दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे.

बंडाळीची चौकशी झाली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातील एका तरतुदीबद्दल त्या परक्या सरकारलाही मी मुजरा करीन. न्यायाधीशाने खतावरचा आकडा प्रमाण मानून हुकूमनामा देऊ नये. खतामागे जावे, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास पाहावा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती झाली हे स्वतः मांडावे, अशी ती तरतूद होती. तिने कोणालाही माफी दिली नाही. तिने हिशेब मागितला. कायद्याला पळवाटा फुटल्या, हेही खरे. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखते लिहून घेऊ लागले. शिवाय सावकार मागे सरला तर शेतकऱ्याने बियाण्याला पैसा आणावा कोठून, याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली होती, ती लंडनहून नामंजूर झाली. म्हणजे सोडविण्याचा कायदा झाला, पण उभे करण्याची सोय झाली नाही. आपल्या कर्जनिवारणाची पुढची सारी कथा या एका वाक्यात सांगता येईल.

या बाबतीत आपले जुने धर्मशास्त्रदेखील आजच्या पंडितांपेक्षा शहाणे होते. 'दामदुप्पट' हा नियम वाचकांना ऐकून ठाऊक असेल. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलापेक्षा अधिक होता कामा नये, असा तो नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही ती मर्यादा आहे. पण बँका त्या कायद्याबाहेर आहेत! परवान्याच्या सावकाराला धर्म लागू, आणि बँकेला मात्र नाही, ही कोणत्या शास्त्राची व्यवस्था?

स्वातंत्र्यानंतर काय झाले ते पाहा. १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत, महाराष्ट्र सरकारने कर्जनिवारणाचा वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. लहान शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची सावकाराकडील देणी त्याने रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्या कायद्यात सावकाराचे देणे गेले, पण बँकांचे आणि सरकारचे देणे राहिले. त्यानंतर १९९० पासून ज्या योजना आल्या, त्यांत नेमके उलटे झाले. १९९० ची दहा हजारांपर्यंतची योजना, २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखांपर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची राज्याची. या साऱ्यांनी बँकेचे वा सोसायटीचे कर्ज पाहिले आणि सावकाराच्या कर्जाकडे पाठ फिरविली. ज्याला बँक दारात उभी करीत नाही तोच सावकाराकडे जातो, हे शाळकरी पोरालाही कळते. म्हणजे मदतीची व्यवस्था अशी की जो अधिक खोल बुडाला त्याच्यापर्यंत दोर पोचू नये.

२००८ ची गोष्ट तर मुळीच विसरता येण्याजोगी नाही. पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्याला पूर्ण सूट, त्यावरच्याला एकरकमी फेड केली तर चौथा हिस्सा सूट. हा नियम दिल्लीत बसून कोणी केला असेल त्याने यवतमाळचे रान पाहिलेले नसावे. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे आठदहा एकर असतात आणि त्यांत ढग आणील तेवढेच पाणी असते. पाटाखालचे तीन एकर ज्याच्याकडे, तो त्याच्यापेक्षा सुखी. पण फूटपट्टीला पाणी मोजता येत नाही. ज्या विदर्भातील आत्महत्यांची बातमी दिल्लीपर्यंत पोचली म्हणून योजना आली, त्याच विदर्भातले पुष्कळ शेतकरी तिच्या बाहेर राहिले. पुढे २०१३ साली भारताच्या महालेखापरीक्षकांनी तपासणी केली, तेव्हा तपासलेल्या प्रकरणांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक प्रकरणांत गफलती निघाल्या. पात्र होते ते राहिले आणि अपात्र होते ते घुसले. २०१७ साली राज्याने ३४,०२२ कोटी रुपये आणि ८९ लाख शेतकरी असा आकडा जाहीर केला. फॉर्म, याद्या आणि निकष यांच्या चाळणीतून प्रत्यक्षात खाली पडले ते त्याहून कितीतरी कमी होते. २०२५ च्या ऑक्टोबरात शेतकऱ्यांनी नागपूरजवळ रस्ता रोखून धरला, तेव्हा सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे कबूल केले. पुन्हा समिती, पुन्हा निकष, पुन्हा चाळणी. चाळणी बदलली तरी भोके त्याच आकाराची असतात.

आणि ज्याच्या नावावर एकही एकर नाही त्याचे काय? बीड-नगरकडचे जोडपे साखर कारखान्याच्या हंगामाला निघते तेव्हा मुकादमाकडून 'उचल' घेऊन निघते. एका कोयत्याची उचल म्हणजे नवरा-बायको दोघांची मजुरी आगाऊ विकणे. हंगामाअखेर ती फिटली नाही तर पुढल्या वर्षाच्या मानेवर बसते. माझ्या ठाणे जिल्ह्यात कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात तीही अशीच अंगावर पैसे घेऊन. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा १९७६ सालीच झाला. तरी त्यानंतर या जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवीत हिंडावे लागले. हे कर्ज कोणत्या कर्जमाफीत बसले? एकाही नाही. कारण याचा सातबारा नाही, खाते नाही, आणि मुख्य म्हणजे याचा पुढारी नाही.

मी राहतो ते दिघा गाव ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये, ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. एका अंगाला औद्योगिक वसाहतीतले कारखाने, दुसऱ्या अंगाला डोंगराचा उतार, आणि त्या उतारावर चढत गेलेल्या ईश्वरनगर, यादवनगर, इलठणपाडा अशा वस्त्या. मूळ गावकरी आगरी-कोळी. त्यांच्या जमिनी १९६० नंतरच्या दशकांत कारखान्यांसाठी आणि नव्या शहरासाठी गेल्या. डोंगरावर चढले ते मागून आलेले. मराठवाड्यातला कोरडा पट्टा, विदर्भ, सोलापूरकडची माणदेशी गावे, उत्तरेकडचे प्रांत, सगळीकडचे लोक येथे आहेत. शेतीच्या कर्जाची चर्चा करणारे पंडित एक गोष्ट विसरतात. ज्या शेतकऱ्याचे कर्ज फिटत नाही, तो सगळाच विहिरीत उडी टाकीत नाही; पुष्कळसा दिघ्याला येतो. जमीन गावी राहते, ती गहाण असते किंवा भावाच्या ताब्यात जाते. आणि तो येथे हेल्पर होतो, वॉचमन होतो, नाक्यावर उभा राहतो.

येथे आल्यावर त्याचे कर्ज सुटते असे कोणी समजू नये. त्याचे फक्त लिंग बदलते. कर्ज आता बाईच्या नावावर येते. वस्तीत 'गटाचे कर्ज' म्हणतात ते हेच. कंपनीचा माणूस येतो, दहा बायकांचा गट होतो, तारण काही लागत नाही, हप्ता मात्र ठरल्या दिवशी हवा. एकीचा चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात उभ्या राहतात. जुन्या सावकाराला वसुलीसाठी माणसे पोसावी लागत. येथे शेजारीणच वसुली करते, आणि तिलाही दोष देता येत नाही, कारण तिचे पुढचे कर्ज अडकलेले असते. मग एका गटाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या गटातून उचलायचे, म्हणजे पुन्हा नवे-जुने. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली या धंद्याला नियम घालून दिले. वर्षाला तीन लाखांपर्यंत मिळकत असलेल्या कुटुंबाचे एकूण हप्ते त्याच्या मासिक मिळकतीच्या निम्म्याहून अधिक असू नयेत, असा त्यांतला एक नियम आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण महिना पंधरा हजारांत घर चालविणाऱ्या बाईचे साडेसात हजार हप्त्यांत जाणे ज्या नियमाला रास्त वाटते, त्याला संरक्षण कसे म्हणावे? त्याच व्यवहारात व्याजदरावरची वरची मर्यादाही काढून टाकण्यात आली. या हप्त्यांचे परिणाम मला बँकेच्या ताळेबंदात पाहावे लागत नाहीत. ते माझ्या हजेरीपटावर दिसतात. आईने दुसरे काम धरले की धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली मुलगी शाळेतून गळते.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी आणखी एक प्रकार घडला. औद्योगिक महामंडळाच्या आणि सिडकोच्या जमिनींवर बेकायदा इमारती उभ्या राहिल्या होत्या. ९९ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि २०१५ व २०१६ साली त्यांतील काहींवर हातोडा पडला. इमारती बेकायदा होत्या, कोर्टाचा हुकूम कायद्याला धरून होता, याबद्दल माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की खोली पाडता येते, तिच्यासाठी केलेली उसनवारी पाडता येत नाही. गावची जमीन विकून, बायकोचे डोरले मोडून, नातलगांकडून आणि सावकाराकडून उचलून ज्याने खोली घेतली होती, त्याचे घर गेले आणि देणे जागच्या जागी राहिले. या माणसाने पतशिस्त मोडली काय? आणि मोडली म्हणावे, तर इमारत उभी राहत असताना डोळे मिटून बसलेल्यांनी कोणती शिस्त पाळली?

व्यक्तीचे जे होते तेच राष्ट्राचे. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून हैतीकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. भरपाई कशाची? गुलाम स्वतंत्र झाले म्हणून मालकांचे जे नुकसान झाले त्याची! आपली सुटका केली म्हणून गुलामांनी मालकाचे ऋण फेडावयाचे. आणि ते फेडण्यासाठी काढलेली कर्जे विसाव्या शतकापर्यंत पुरली. उलट पश्चिम जर्मनीकडे पाहा. १९५३ साली लंडनमध्ये करार होऊन तिच्या परकीय कर्जातील निम्म्याच्या आसपास रक्कम सोडून देण्यात आली आणि उरलेली तिने परदेशी व्यापाराच्या मिळकतीतून फेडावी, अशी सोय करण्यात आली. दोन महायुद्धांनंतरच्या त्या देशाला कोणी शिस्तीचे प्रवचन दिले नाही. त्याला उभे करावयाचे होते, आणि तो उभा राहिला. आफ्रिकेतल्या गरीब देशांसाठी मात्र १९९६ साली जागतिक बँक आणि नाणेनिधी यांनी कर्जनिवारणाची योजना आखली, तेव्हा आधी अटी पुऱ्या करा, मग पाहू, असा मामला होता. झांबियाला २००५ साली त्या योजनेतून मोठी सूट मिळाली. पण तांब्यावर जगणारा तो देश तांब्यावरच राहिला; पुढे त्याने बाजारातून नवी कर्जे काढली, तांब्याचा भाव उतरला आणि २०२० च्या नोव्हेंबरात त्याने हप्ता चुकविला. तांब्याच्या जागी कापूस घाला आणि झांबियाच्या जागी सुपे. आणि आपणही फार ताठ मानेने बोलू नये. १९९१ साली या देशाने ४७ टनांच्या आसपास सोने परदेशी बँकांकडे गहाण धाडले, तेव्हा वस्तीतल्या बाईला पोत गहाण टाकताना काय वाटते हे दिल्लीला कळावयास हवे होते.

आता शिस्तवाल्यांशी दोन शब्द. त्यांचा एक मुद्दा खरा आहे, आणि तो मी टाळणार नाही. पोटाला चिमटा घेऊन ज्याने कर्ज वेळेवर फेडले, त्याने काय घोडे मारले? शेजाऱ्याचे सुटले आणि आपण मूर्ख ठरलो, असे त्याला वाटते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा दोष सरसकट तारखेच्या माफीचा आहे. अमुक तारखेला जो थकला तो भाग्यवान, ही लॉटरी झाली. हिशेब झाला असता तर ज्याने फेडले त्याचाही झाला असता, आणि त्याने जादा भरलेले व्याज त्याच्या पदरात परत पडले असते.

मात्र शिस्तीचा हा आग्रह खालच्यांपुरताच का? केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात संसदेत सांगितले की मागील पाच आर्थिक वर्षांत बँकांनी १० लाख ९ हजार कोटींहून अधिक रकमेची थकलेली कर्जे वहीतून उतरवून टाकली. त्यांत मोठ्या उद्योगांचा वाटा मोठा होता. यावर लगेच उत्तर येते, की हे 'निर्लेखन' आहे, माफी नव्हे. वसुलीचा हक्क कायम राहतो. ठीक आहे. त्याच काळात अशा उतरविलेल्या खात्यांतून वसूल झाले ते सुमारे १ लाख ३२ हजार कोटी. बाकीच्याचे काय, ते ज्याचे त्याने समजावे. मला येथे पुन्हा शब्दाकडेच बोट दाखवावयाचे आहे. गिरणीमालकाचे बुडाले की त्याला 'निर्लेखन' हा सोवळ्यातला शब्द. कुणब्याचे बुडाले की 'माफी'. पहिल्याला कोणी उपकाराची आठवण करून देत नाही, दुसऱ्याच्या नावाची यादी चावडीवर लागते.

नुसती टीका करून सुटण्याचा माझा बेत नाही. तीन गोष्टी मागतो. पहिली, १८७९ चे तत्त्व परत आणावे. १९३९ च्या कायद्याखाली मुंबई सरकारने कर्जाची तडजोड करणारी मंडळे काढली होती. केरळने २००६ साली शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारण आयोगाचा कायदा केला. तसे एक मंडळ प्रत्येक तालुक्यात आणि शहराच्या प्रत्येक प्रभागात असावे. त्याच्यापुढे शेतकरी जावा, उचल घेतलेला ऊसतोड्या जावा, गटाची बाई जावी, पडलेल्या खोलीचा धनी जावा. मंडळाने खतामागे जाऊन मुद्दल, व्याज, फेड मांडावी आणि दामदुपटीची रेघ बँक, कंपनी, मुकादम सगळ्यांना सारखी ओढावी. दुसरी, दुष्काळ वा भावाची पडझड जाहीर झाली की हप्ता आपोआप थांबावा. जर्मनीला जी सवलत लंडनने दिली ती जालन्याच्या शेतकऱ्याला मुंबईने द्यावी.

तिसरी गोष्ट कामाची आहे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला; १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर गेला, १९७७ साली त्याचा कायदा झाला. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक करणारा हा कायदा देशाने पुढे २००५ साली उचलला. त्याचा खर्च भागविण्यासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला. माझ्या पगारातूनही वर्षाला अडीच हजार रुपये त्यापोटी कापले जातात, आणि हा एक कर असा आहे की तो देताना माझी कुरकुर नसते. ज्याला गावात मजुरी मिळते त्याला मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही. तो आमच्या डोंगरावरही चढत नाही. कर्ज सोडविण्यापेक्षा कर्ज न काढता जगता येणे महत्त्वाचे, हे पाग्यांना कळले होते. पण कामाची हमी द्यावयाची, तर ती शहरालाही द्यावी. दिघ्याच्या नाक्यावर सकाळी उभा राहणारा माणूस त्याच दुष्काळाचा मुलगा आहे.

पुढल्या निवडणुकीत पुन्हा कोणी मांडवात उभा राहून माफीची घोषणा करील. टाळ्या वाजविण्यापूर्वी वाचकांनी त्याला एवढेच विचारावे, की बाबा, माफीचे राहू दे, हिशेब केव्हा मांडणार आहेस? सुप्याच्या लोकांनी कागद जाळले, कारण त्या कागदांवरचा हिशेब खरा आहे की खोटा हे त्यांना कोणी वाचून दाखविले नव्हते. इलठणपाड्याच्या बाईच्या हातात आज फोन आहे, त्यावर हप्त्याची आठवण येते. मुद्दल किती फिटले ते तिला अजूनही कोणी वाचून दाखवीत नाही.